काकू म्हणूनच राहायची तयारी आहे का?

पत्र :

ताई, मी ४८ वर्षांची, कराडला राहते, घरीच शिकवण्या घेते. यांची नोकरी अजून सहा वर्षं आहे. मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि घर अगदी रिकामं झालं. सासूबाई ७८ वर्षांच्या, आमच्याजवळच असतात. ओळखीच्या एका बाईंकडून कळलं की बालगृहात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. वडील नाहीत, आई मानसिक आजारावर उपचार घेते आहे. अशा मुलांना फॉस्टर केअरमध्ये घरी आणता येतं म्हणे. माझं मन तेव्हापासून तिथेच आहे. एक मूल आलं की घर भरेल. यांचं म्हणणं, 'तू ठरव, माझी हरकत नाही.' सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो जातीचा. मला वेगळीच भीती वाटते. लळा लागला आणि उद्या आई घेऊन गेली तर? पुढे दत्तक घेता येईल का? सरकार पैसे देतं असं ऐकलं, ते घेणं बरं दिसेल का? आणि परक्याचं मूल सांभाळायचं म्हणजे नेमकं काय काय अंगावर येतं?
— एक वाचक, कराड

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'एक मूल आलं की घर भरेल.' ही भावना खोटी नाही आणि लाजण्यासारखीही नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर आधीच आईच्या आजाराची काळजी आहे. त्यावर आणखी तुमचं घर भरायचं काम द्यायचं का, याचा विचार आधी करा. ती हसेल, बडबडेल, तुमच्या मागे मागे फिरेल या कल्पनेत तुम्ही असाल, आणि ती महिनाभर कोपरा धरून बसेल. तेव्हा 'एवढं करतोय तरी हिचं तोंड वाकडंच' असं मनात आलं तर समजा की गाडी रुळावरून घसरायला लागली.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ४४. सरकारी कागदांवर फॉस्टर केअरला प्रतिपालकत्व म्हणतात. ज्या मुलाला काही काळ किंवा बराच काळ स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्याला बाल कल्याण समिती आदेश काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि प्रत्येक जिल्ह्यात ती असते. मुलाचं शिक्षण, आरोग्य, आहार आणि एकूण भलं ही जबाबदारी कुटुंबावर येते. मूल मात्र कायद्याने तुमचं होत नाही. नाव, आडनाव, आईवडिलांशी असलेलं नातं, सगळं तिचं तिच्यापाशी राहतं. तिला दुसऱ्या गावी हलवायचं, मोठी शस्त्रक्रिया करायची, अशा निर्णयांत समिती असते. आई बरी झाली, ती मुलीला सांभाळू शकते असं समितीला पटलं, की मुलगी आईकडे जाते. हे कलमातच लिहिलेलं आहे. त्यात फसवणूक नाही आणि अन्यायही नाही. ही व्यवस्था त्यासाठीच आहे.

म्हणून दत्तकाचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे त्या आशेवर पुढचं वाचलं जाणार नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालक कुटुंबाला दोन वर्षांनी त्याच मुलाच्या दत्तकासाठी अर्ज करता येतो. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. एकट्या व्यक्तीलाही आता प्रतिपालक होता येतं. पण दत्तकाची वाट खुली होते ती कायद्याने दत्तकासाठी मुक्त झालेल्या मुलाच्या बाबतीत, जसं की ज्याचं कुणी नाही किंवा ज्याच्याकडे कुणी फिरकतच नाही अशा. तुम्ही लिहिता त्या मुलीची आई आहे, उपचार घेते आहे. आई आजारी आहे एवढ्यावरून मूल आपोआप दत्तकाला मोकळं होत नाही, आणि होऊही नये. तुम्हाला मूल दत्तकच हवं असेल तर ते सरळ कबूल करा आणि दत्तकाच्या रांगेत उभ्या राहा. प्रतिपालकत्व हा दत्तकाचा आडरस्ता समजून आत शिरलात, तर त्या मुलीची आई बरी होऊ नये असं एखाद्या रात्री तुमच्या मनात येईल. मूल सांभाळणाऱ्या बाईच्या मनात हे येणं फार वाईट.

आणखी एक. ओळखीच्या बाईंनी तुम्हाला मुलीचं वय, वडील नसणं, आईचा आजार इतकं सगळं सांगितलं, ते सांगायला नको होतं. याखेरीज आणखी काही तपशील होते, ते मी पत्रातून गाळलेत. तुमच्याकडे मूल आलं तर हीच माहिती गुप्त राखायचं काम तुमच्याकडे येणार आहे. भिशीत, वाड्यात, नातेवाइकांच्या ग्रुपवर, कुठेच नाही. वाढदिवसाचा फोटोसुद्धा फेसबुकवर टाकायचा नाही. आणि ओळखीने मूल मिळत नाही, हेही ध्यानात घ्या. कुणी मधल्या माणसाने 'नोटरी करून घेऊ, मुलगी तुमच्याकडे' असं सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. रीतसर मार्ग सोडून मूल दत्तक घेणं-देणं हा कलम ८० खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

रीतसर मार्ग साताऱ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातून जातो. अर्ज, ओळखीचे आणि उत्पन्नाचे कागद, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी. मग सामाजिक कार्यकर्ते घरी येतात. त्या दिवशी पडदे धुवायची गरज नाही. मुलगी कुठे झोपेल, घरात कोण येतं-जातं, कुणाला दारूचं व्यसन आहे का, तुमच्यात भांडणं कशी होतात आणि कशी मिटतात, हे ते बघतात. घरातल्या प्रत्येकाशी बोलतात. तुमच्या यांचं 'तू ठरव, माझी हरकत नाही' तिथे चालणार नाही, आणि मला विचाराल तर ते तुमच्याही बाबतीत चालू नये. हरकत नसणं आणि रात्री दोन वाजता उठून ओली गादी बदलणं यांत बरंच अंतर आहे. हमीपत्रावर दोघांच्या सह्या लागतात, तेव्हा दोघांनी मिळून ठरवा. शिवाय घरात नवी मुलगी येते तेव्हा पुरुषानेही काही रीती पाळायच्या असतात. तिच्या खोलीचं दार वाजवून आत जायचं, न्हाणीघराला आतून कडी हवी, ती नको म्हणाली तर जवळ घ्यायचं नाही. यात त्यांच्यावर संशय नाही. तिच्यावर आधी काय गुदरलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच.

आता 'अंगावर काय काय येतं' याबद्दल. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

पहिले काही आठवडे ती फार शहाण्यासारखी वागेल. ताट स्वतः घासेल, विचारल्याशिवाय पाणीही पिणार नाही, तुम्ही शेजारणीला 'किती गुणी आहे हो' असं सांगाल. ते गुणीपण नसतं, ती अंदाज घेत असते. मग एक दिवस तिला वाटेल की इथे थोडं टेकायला हरकत नाही, आणि नेमकं तेव्हाच ती बिघडल्यासारखी वागायला लागेल. खोटं बोलेल, काहीतरी फोडेल, 'तुम्ही माझी आई नाही' हे तोंडावर ऐकवेल. त्यावर 'हो, मी काकू आहे, आणि जेवायला वाढलंय' एवढंच बोलायचं. हे वाक्य आत्तापासून घोटून ठेवा, कारण ऐनवेळी ते सुचत नाही. आई म्हणायला लावू नका. ती आपण होऊन म्हणाली तर ओ द्या, पण शिकवू नका.

दप्तरात पोळीचा तुकडा सापडेल, उशीखाली बिस्किटं. जे मूल कधी उपाशी राहिलंय ते उद्याची सोय करून ठेवतं. चोरी म्हणून ओरडलात तर ती फक्त लपवायची जागा बदलेल. त्यापेक्षा एक डबा तिच्या हाताला येईल असा ठेवा, त्यात लाडू, शेंगदाण्याची चिक्की, चुरमुरे काहीतरी, आणि तिला सांगा की हा तुझा, कधीही उघड, विचारायचं नाही. तो डबा रिकामा दिसता कामा नये. काही महिन्यांनी तिचं तिकडे लक्षही राहणार नाही.

अंथरूण ओलं होणं या वयातही होतं. सकाळी चादर निमूट बदलायची, सासूबाईंसमोर विषय काढायचा नाही. बराच काळ चाललं तर डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टरांकडे तसंही पहिल्याच महिन्यात जायचं आहे: दात, डोळे, रक्तातलं लोह, राहिलेल्या लशी. प्रत्येक कागद एका फायलीत. ती फाईल मुलीची आहे, ती जिथे जाईल तिथे तिच्याबरोबर जाईल.

मारायचं नाही. 'आम्ही नाही का मार खाऊन मोठे झालो' हे तुमच्या पिढीचं वाक्य मला पाठ आहे. तुमच्या पोरीला एखादा धपाटा पडला असेल, तर तो आईचा होता आणि संध्याकाळी आईनेच जवळ घेतलं. या मुलीसाठी उगारलेला हात म्हणजे जुनं सगळं परत आलं असा अर्थ होतो. कायद्याने तर मूल ताब्यात असलेल्याने त्याला क्रूरपणे वागवणं हा गुन्हाच आहे. घरकामाचंही तसंच. तुमच्या मुलीने त्या वयात जेवढं केलं तेवढं हिने करावं, त्याहून भांडंभर जास्त नाही.

शाळा. तुम्ही शिकवण्या घेता म्हणून हे जरा जोर देऊन लिहिते. वयाच्या मानाने ती मागे असेल, आणि तुम्हाला वाटेल की हे तर माझंच क्षेत्र, वर्षभरात पुढे आणते. कृपा करून पहिले सहा महिने तिला तुमच्या शिकवणीच्या सतरंजीवर बसवू नका. तिथली हुशार पोरं आणि ती एकाच रांगेत, आणि काकू घरातही बाईच! शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे तिला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून शाळेला अडवता येत नाही. मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवणं हाही तिचा हक्क आहे. शाळेशी हे भांडण तुम्ही उत्तम भांडाल. घरी मात्र तिला गोष्टी वाचून दाखवा, पत्ते खेळा, बाजारात नेऊन सुट्टे पैसे मोजायला द्या. पाढे आपोआप येतील.

आता तिच्या आईविषयी. समिती ठरवेल त्या जागी, ठरवेल तितक्या वेळा आई भेटायला येईल. समितीला त्या भेटी मुलीच्या हिताच्या वाटल्या नाहीत तर ती कारण नोंदवून थांबवू शकते, पण तो निर्णय समितीचा, तुमचा नाही. भेटीच्या आदल्या दिवशी मुलगी चिडचिडी होईल, भेटीनंतर दोन दिवस जेवणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की या भेटी बंद झाल्या तर किती बरं. नाही. भेट झाली म्हणून ती दुखत नाहीये, ताटातूट झाली म्हणून दुखते आहे. आईबद्दल वावगा शब्द घरात उच्चारायचा नाही, कीव दाखवणारा 'बिचारी'सुद्धा नको. आईने काही खाऊ आणला, भले रस्त्यावरची गोडी शेव असली, तर ती 'घाण आहे' म्हणून टाकायची नाही. आईच्या आजाराबद्दल मुलीने विचारलं तर तिला कळेल असं खरं सांगायचं: आईच्या मनाला आजार झालाय, औषधं चालू आहेत, तुझ्यामुळे झालेला नाही. यातलं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, कारण मुलं ते स्वतःवर घेतात. आई बरी होण्यात तुमचा हातभार लागला, तिची आणि तुमची चार शब्दांची ओळख झाली, तर मुलीच्या मनातली ओढाताण निम्मी होईल.

सासूबाईंचा प्रश्न. त्यांचं वय बघता त्यांना व्याख्यान देऊ नका, पण उत्तर मात्र एकदाच आणि स्वच्छ द्या: 'मी विचारलं नाही, विचारणार नाही, आणि मुलीला इथे कुणी विचारणार नाही.' देवघरात जाणं, पाण्याचा माठ, ताट-वाटी यात तसूभर फरक होणार असेल तर मूल आणूच नका. मुलांना असला फरक एका दिवसात कळतो. उलटही खरं आहे. ती वेगळ्या धर्माची, वेगळ्या रीतीची असेल तर तिचं ते तिच्याकडे राहू द्या. आपल्या घरात आली म्हणून तिचे सण, तिचं खाणं, तिची बोली पुसायची नाही. ती 'व्हतं' म्हणाली तर लगेच 'होतं' म्हण असं टोकू नका. एवढ्यावरही सासूबाईंचं मन तयार नसेल तर थांबा. म्हाताऱ्या माणसाच्या घरात त्यांच्या मनाविरुद्ध मूल आणलं तर दिवसाचे आठ तास त्या दोघींनाच एकमेकींसमोर काढायचे आहेत.

आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यातून बरीच मुलं शिकली हे खरं, पण कुणाकडे कोणत्या वाटीत ताक मिळायचं हे त्यांना म्हातारपणीही आठवायचं. कुणी मुद्दाम दुखावलं होतं असं नाही. रोज उपकाराखाली जेवणं लहान मुलाला जड जातं. तुमच्या घरात ती भाषा येणार आहे. तुम्ही नाही आणलीत तरी पाहुणे आणतील: 'काय नशीब काढलंस गं पोरी, काका-काकूंना विसरू नकोस हो.' तिथल्या तिथे विषय बदला, आणि पाहुणा पुन्हा म्हणाला तर त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा. 'ही कोण?' याला एकच उत्तर ठरवून ठेवा, तिला विचारून. 'आमच्याकडे राहते' पुरे. दिवाळीला पुण्याच्या मुलीला ड्रेस तर हिलाही, त्याच दुकानातून.

पैसे घ्यावेत का? घ्यावेत, बेलाशक. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजनाही आहे, तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय, आणि तिची रक्कम २०२३ मध्ये वाढून महिना २,२५० रुपये झाली. तुमच्या बाबतीत काय लागू होईल ते कक्षात विचारा. ही रक्कम तुमचं मानधन नसून मुलीचा खर्च आहे. ती नाकारून तुम्ही मोठ्या होत नाही. उलट 'आम्ही एक पैसा घेत नाही' हे वाक्य एक दिवस मुलीच्या कानावर पडतं. एक वही करा, खर्च लिहा. मात्र सरकारी पैसा महिन्याच्या महिन्याला हातात पडेल या हिशेबाने घरखर्च मांडू नका. दोन-चार महिने उशीर झाला तरी दुधाचं बिल थांबणार नाही इतकं घरात असायला हवं. आणि एक गोष्ट पुढच्यासाठी: आई सांभाळायला सक्षम ठरून मुलगी तिच्याकडे परत गेली, तर बालसंगोपनासारख्या योजनेचा अर्ज ती माउली स्वतःही करू शकते. तो भरायला तुम्ही मदत केलीत तर सोन्याहून पिवळं.

आधार मागणं हीसुद्धा जबाबदारीच आहे, आणि आपल्या बायका नेमक्या तिथे कमी पडतात. कायद्यात समितीने प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करावी असं म्हटलंय. पाहणीला कुणी बाई आली की 'सगळं छान चाललंय' म्हणून पोहे देऊन वाटेला लावू नका. झोप लागत नाही, मुलगी शाळेत मारामारी करते, मला राग आवरत नाही, जे असेल ते सांगा. समुपदेशक मागा, आईच्या तब्येतीची खबर मागा, पुढची तारीख लेखी मागा. पाहणीला कुणी आलंच नाही तर आपण फोन करा, फोन उचलला नाही तर जाऊन बसा. तातडीच्या वेळी १०९८ आहे, दिवसरात्र. दमलात तर दमले म्हणा. अगदीच जमेना, तर समितीला वेळेवर कळवून मुलीची दुसरी सोय नीट होऊ देणं हे वर्षभर कुढत सांभाळण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

आता लळा. लागणार. न लागला तर मीच काळजी करेन. आई घेऊन गेली तर रडाल, आठवडाभर तिच्या जागी ताट वाढायला हात जाईल. त्यावर औषध माझ्याकडे नाही. पण जाणं एकाएकी होऊ नये, एवढं तुम्ही मागू शकता. आधी दिवसभरासाठी आईकडे, मग शनिवार-रविवार, मग सुट्टीत, असं हळूहळू करा असं समितीला सुचवा. जाताना फाईल, फोटोंची वही, तिचे कपडे, तिने कमावलेली बक्षिसं, सगळं द्या, आणि तेही नव्या बॅगेत. कापडी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या पोत्यात सामान भरून मूल पाठवू नये. पुढे फोन, भेटी चालू राहतील का हे आईच्या आणि समितीच्या मर्जीवर, आणि भेटींच्या काळात तुम्ही त्या आईशी कशा वागलात त्यावर बरंच अवलंबून असेल.

एवढं वाचूनही मन तिथेच असेल तर साताऱ्याला जा, दोघंही. तीच मुलगी मागू नका. आम्ही कुटुंब म्हणून नाव नोंदवायला आलोय असं म्हणा. कोणतं मूल कुणाकडे, हे समिती ठरवेल. पहिल्यांदा एक वर्षाच्या आतली, अल्पमुदतीची जबाबदारी मागितलीत तरी चालेल. तसं ठेवता येतं. आणि त्याआधी आजच रात्री पुण्याला लेकीला फोन करा. तिची खोली, तिचं कपाट, तिची सायकल दुसऱ्या मुलीला जाणार आहे. हे तिला घर बघायला आलेल्या कार्यकर्त्या बाईंकडून कळू नये.